दहा जुलै आणि आमची शाळा

आमच्या माणगाव तालुक्यात दहा जुलै म्हणजे भर पाऊस आणि ऐन लावणी. त्यामुळे नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम शाळेने दिवाळीनंतर घ्यावा, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतंच. मी नोकरीत होते तोवर हे चालू दिलं नाही, आणि माझ्यानंतरच्या बाईंनीही तारीख हलवली नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. पळसगावचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात लढताना १० जुलै १९४४ रोजी गेला. तो दिवस आपल्या सोयीने पुढे-मागे कसा करायचा?

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ हे सगळीकडे असतं तसंच. मी वाट बघते ती सातवीतल्या मुलाची किंवा मुलीची. घाडग्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, मानपत्रातली हकीकत ते मूल मराठीत, तोंडपाठ सांगतं. इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा हल्ला. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरलं नाही हे माहीत असूनही ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन, म्हणजे बंदुकीची गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नव्हता. मग तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केलं. तेवढ्यात छातीत आणि पाठीत गोळ्या बसल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघं बावीस.

एका वर्षी वीज गेली, माईक बंद, पत्र्यावर पाऊस असा की मुलीचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू येईना. तेव्हा मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आमचे सुभेदारकाका खुर्चीवरून उठले. कोपऱ्यातली निथळती छत्री उचलून उलटी धरली, मूठ वर, टोक हातात, आणि ती बोलत गेली तसतसं करून दाखवलं. खाली बसताना म्हणाले, "पोरी, सरावाच्या हाताला मॅगझिन बदलायला काही क्षण पुरतात. त्याच्याकडे तेवढेही नव्हते." आता सुभेदारकाका नाहीत. पण ती हकीकत तिथवर आली की मला आजही त्यांचे ते हात दिसतात.

पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते स्वीकारलं, हे सांगताना बायकांच्या रांगेत पदर डोळ्यांना लागतात. यशवंतरावांची कबर नाही की समाधी. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सनडायल, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, उभारलं गेलं. परमुलखातलं गाव एवढी आठवण ठेवतं, आणि गणपतीला मुंबईहून एसटीत उभं राहून येणारे आमचे माजी विद्यार्थी दहा जुलैला मात्र फिरकत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लिहिणारच. लावणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनी मागे येऊन उभ्या राहणाऱ्या आयांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

राबणाऱ्यांपैकी कोणी राहायला नको. सतरंज्या अंथरणारे शिपाईदादा, फोटोला हार करून देणाऱ्या शेजारच्या वहिनी, भाडं न घेणारे माईकवाले, बॅटरी घेऊन येणारा त्यांचा मुलगा, चहाला दूध देणारे वाडीवरचे मामा, पोहे करणाऱ्या बचतगटाच्या सगळ्याजणी, रांगोळी पावसाने पुसली की पुन्हा काढणाऱ्या आठवीच्या मुली, आणि दारात छत्र्या सांभाळणारी पाचवीची पोरं. गळती काढून देणारे सुतारकाका राहिलेच होते, त्यांचेही आभार. मुंबईकरांनी पुढच्या दहा जुलैची रजा आत्ताच टाकून ठेवावी. मागच्या रांगेत जागा भरपूर असते.