लिअरची वही: धोब्यावरचं पहिलं पान झालं

मंडळी, एडवर्ड लिअर या इंग्रज कवी-चित्रकाराच्या गमतीच्या, निरर्थक कविता मी मराठीत आणतेय, चित्रंही स्वतःच काढतेय. दोन महिने त्याच्या लिमरिकांतच, म्हणजे पाच ओळींच्या विनोदी कवितांतच, रमले होते. दाढीत पक्ष्यांनी घरटी केलेला म्हातारा चौथ्या खेपेला जमला. आधी माणूस काढायचा आणि मग दाढीत पक्षी बसवायचे, तिथेच चुकत होतं. पक्षी आधी काढले, त्यांच्याभोवती टाकाने एकेक केस ओढत नेला, तेव्हा कुठे ती घरटी वाटायला लागली.

आता हात घातलाय त्याच्या 'द कमरबंड' (कमरबंद) या कवितेला. एडवर्ड लिअर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला. ही कविता १८७४ मध्ये मुंबईच्याच टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. साहेबांच्या बंगल्यांत उठताबसता ऐकू येणारे शब्द त्याने उचलले आणि त्यांचे अर्थ खुशाल काढून टाकले. नायिका धोब्यावर बसून सांजतारा बघते, नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतात, उंच झाडांवर हिरव्या आया (मुलं सांभाळणाऱ्या बायका) बसतात, जांभळे नाले फांद्या पसरतात.

इथेच पंधरा दिवस अडले. लंडनच्या पोरांसाठी हे नुसते गमतीचे नाद. आपल्याला धोबी म्हटलं की गाठोडं दिसतं. मग मराठीत नवे निरर्थक शब्द घडवायचे का? तीन-चार घडवूनही पाहिले, कवितेचा जीवच गेला. मग लक्षात आलं, मुंबईत तो अंक उघडणाऱ्यांनाही धोबी कोण हे पक्कं ठाऊक होतं. म्हणजे या कवितेचे पहिले वाचक आपल्याच बाजूचे! शब्द जसेच्या तसे ठेवले. वृत्ताला छोटा अभंग घेतला, आठ-आठ अक्षरांचा:

बसली ती धोब्यावर, पाही सांजेची चांदणी
सारे पंखे म्हणाले गं, किती बाई तू देखणी

'गं' आणि 'बाई' माझे. ते आले आणि ओळ आपल्या अंगणातली झाली.

चित्रांत सगळ्यात जास्त वेळ चपराश्याने खाल्ला. चपरास म्हणजे मुळात पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, तो लावणारा चपराशी. म्हणून माशाच्या पोटावर तिरका पट्टा आणि मधोमध बिल्ला काढलाय. खवल्यांच्या रेघा बिल्ल्याच्या कडेशी थांबवल्या, आत कागद कोरा सोडला; तेवढ्यानेच पितळ चमकतं.

हिरव्या आयांसाठी लिअरचीच पोपटांची चित्रं समोर ठेवली. अठराव्या वर्षी त्याने पोपटांवरचा तो चित्रग्रंथ सुरू केला, ४२ चित्रं, बरीचशी जिवंत पक्षी पुढ्यात ठेवून काढलेली. फांदीला धरलेली नखं बघा, दोन पुढे आणि दोन मागे. माझ्या आयांचे पाय तसेच आहेत, वर नऊवारीचा काठ. पहिल्या कागदावर हिरवी शाई फुटून पदरात पसरली. आता हिरवा रंग शेवटी, काळ्या रेघा पूर्ण वाळल्यावर.

राहिलंय 'जंपान'. ती डोंगरात माणसं वाहून नेणारी खुर्ची; कवितेत मात्र गुहेत बसून चिडून ओरडते. मराठी मुलाला हा शब्द माहीत नसणार, म्हणून तो तसाच ठेवतेय, इथे तरी त्याला निव्वळ नाद मिळू दे. चित्रात खुर्चीचे दांडे पुढच्या पायांसारखे वाकवून बघतेय. कमरबंद अजून काढलेला नाही. तो शेवटी नायिकेला गिळतो, आणि साप काढायचा मोह मला टाळायचाय.