कांदाचाळीसाठी झिरो टू डब्ल्यू: पहिले सहा आठवडे

६ एप्रिल

बोर्ड आला. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, सतराशे-अठराशेच्या घरात पडला. कामं दोन आहेत. आठवीतल्या लेकीला लिनक्स आणि पायथॉन हाताने करून शिकायचं आहे, आणि माहेरी निफाडकडे दादाच्या चाळीत उन्हाळ कांदा भरला की आतलं तापमान आणि आर्द्रता नोंदवायची आहे.

नुसत्या चाळीसाठी रास्पबेरी पायचाच पिको डब्ल्यू पुरला असता. तो याहून कितीतरी स्वस्त आहे, वीजही कमी खातो. पण पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, म्हणजे एकच प्रोग्राम चालवणारा साधा नियंत्रक. त्यावर लिनक्स चालत नाही, युजर, परवानग्या हे काही दिसत नाही, आणि लेकीला नेमकं तेच दाखवायचं होतं. दुसऱ्या टोकाला याच घराण्यातला मोठा पाय ५. बोर्ड सुंदरच, पण दर पंधरा मिनिटांनी दोन आकडे लिहायला एवढा मोठा बोर्ड कशाला? झिरो टू २०२१ च्या ऑक्टोबरात आला. चार कोअर, १ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ एमबी. या रॅमवर डेस्कटॉप उघडून ब्राउझर चालवला की तो धापा टाकतो. मॉनिटर लावून रोजचा अभ्यास करायला कोणी घेत असेल तर हा घेऊ नका, ४ जीबीचा पाय ४ बघा. आम्ही पडदा लावलाच नाही. सिस्टीमची डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती टाकली, आणि सगळं काम लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा टाइप करून.

९ एप्रिल

तीन संध्याकाळी कार्डात गेल्या. ऑनलाइन घेतलेलं ३२ जीबीचं कार्ड दोनदा बूट झालं, तिसऱ्यांदा फाइल सिस्टीम खराब. एफ३ नावाच्या मोफत साधनाने कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहिलं, तेव्हा कळलं की साडेसात जीबीच्या पुढे लिहिलेलं सगळं कचरा. लेबल ३२ चं, आत ८. नवीन कार्डावर सिस्टीम टाकण्याआधी ही तपासणी करायचीच, एखादा तास गेला तरी चालेल. दुसरं कार्ड ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घेतलं.

वायफायने अर्धा दिवस खाल्ला तो वेगळाच. इमेजरमध्ये, म्हणजे कार्डावर सिस्टीम टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये, फोनच्या हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड बरोबर भरलेले, तरी बोर्ड जोडला जाईना. या बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि माझा फोन ५ वर होता. फोनमध्ये बँड बदलला आणि मिनिटभरात जोडला.

१३ एप्रिल

हेडर, म्हणजे वायर जोडायच्या पिनांची पट्टी, सोल्डर केला. चाळीस पिना. हेडर ब्रेडबोर्डमध्ये (जोडणी करायच्या भोकांच्या पाटीत) खोचून वर बोर्ड ठेवला, म्हणजे तो तिरका होत नाही. पहिल्या दहा मी केल्या, उरलेल्या लेकीने. तिचे तीन जॉइंट मळकट, गोळ्यासारखे आले होते. फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून पुन्हा गरम केल्यावर चकचकीत होऊन पिनेभोवती नीट बसले. माझाही एक तसाच निघाला. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, सिग्नलच्या पिनेवर ५ व्होल्ट गेले तर चिप मरते, हे तिने स्वतः वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय.

२० एप्रिल

या आठवड्यात सर्वांत जास्त शिकले ते विजेबद्दल. बोर्ड अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायचा, बहुतेकदा वायफायवरून मोठी फाइल पाठवताना. मोठ्या पायवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं, लॉगमध्येही नोंद होते. झिरो घराण्यात तो शोधणारा भागच नाही! त्यामुळे इथे कमी व्होल्टेजचा इशारा मिळतच नाही, नुसता गोंधळ होतो. आधी चार्जरच्या तोंडाशी यूएसबी मीटर लावला, तर ५.१ दाखवत होता, म्हणून मी प्रोग्राममध्येच चूक शोधत बसले. मग मल्टिमीटरची टोकं बोर्डाच्याच पिन २ आणि ६ वर धरली: ४.५. सगळा ऱ्हास त्या लांब, बारीक केबलमध्ये होत होता. एक मीटरची जाड केबल आणि ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावल्यापासून एकदाही रीस्टार्ट नाही.

४ मे

चाळीत बसवला. तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर एसएचटी ३१. आधीचा तसलाच डीएचटी २२ काढला, कारण त्याची वाचनं मधूनमधून गळत होती. सेन्सर ढिगाच्या पोटात हवा म्हणून अडीच मीटर वायर ओढली, तर आयटूसीवर, म्हणजे सेन्सर आणि बोर्ड ज्या तारांवरून बोलतात त्या बसवर, चुका येऊ लागल्या. ती बस मुळात जवळच्या अंतरासाठीची. वेग १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला आणि चुका थांबल्या. सेन्सरवर गॉझचं कापड बांधलंय, धूळ आणि कांद्याची टरफलं आत जाऊ नयेत म्हणून.

गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडू शकतं, म्हणून मूळ सिस्टीमवर ओव्हरले ही सोय चालू करून ती फक्त वाचनापुरती ठेवली (बदल कार्डावर न जाता रॅममध्येच राहतात), आणि नोंदी कार्डाच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर. शिवाय या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही. पहिल्याच रात्री वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले, वीज आधी आली, आणि पहाटेच्या नोंदींवर आदल्या संध्याकाळची वेळ पडली. डीएस ३२३१ हे बॅटरीवालं घड्याळ जोडलं, आता वेळ चुकत नाही. कार्ड, अ‍ॅडॉप्टर, सेन्सर, घड्याळ सगळं धरून खर्च तेहतीसशेच्या आसपास गेला, म्हणजे बोर्डाच्या जवळजवळ दुप्पट. तुम्ही घेणार असाल तर बजेट असंच धरा.

१८ मे

दोन आठवड्यांच्या नोंदी हातात आहेत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची. आमच्याकडे दुपारी पत्र्याखाली ४१, ढिगाच्या पोटात ३४. पण गंमत रात्रीची आहे: बाहेर गार होतं तरी ढीग पहाटे चारपर्यंत ३१ च्या खाली येत नाही. लेकीने आलेख काढून फोनवर दाखवला तेव्हा दादा बराच वेळ बघत राहिला.

"पश्चिमेच्या टोकाला कांदा आधी सडतो, हे मला माहीत आहे. पण तिथलं माप नाही ना यात?"

"बसवू ना मामा," लेक म्हणाली. "सेन्सरची एक पिन ३.३ ला जोडली की त्याचा पत्ता बदलतो. मग बोर्डाला दोघं वेगळे ओळखता येतात, आणि दोन सेन्सर एकाच वायरवर चालतात."

वायर मात्र आणखी चार मीटर लागणार. १० किलोहर्ट्झवरही ती चालेल का, हे पुढच्या रविवारी ओढून बघणार आहोत. पाऊस यायच्या आत.