जुनं मराठी सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर बसवताना : डोंगलने अडवलं तो अनुभव

घरात जुन्या डीटीपी (छपाईची पानं जुळवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं काही पडून असेल आणि ते आता उघडत नसेल, तर हे वाचा. मी ते उघडून दाखवलंय. एका हेल्पलाइनवरचा राग अजून शमलेला नाही, हेही लिहिण्याचं एक कारण आहे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, २००४ साली पेजमेकरमध्ये स्वतः टाइप केला. गायकवाडी चाकरीसाठी कोकणातून बडोद्याला आलेल्या भावांपासून सुरुवात, मग दांडिया बाजारात वाढलेल्या शाखा, पुढे पुण्या-मुंबईला गेलेले. कितीतरी दुपारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून त्यांनी नोंदी उतरवून आणल्या होत्या. आता त्याची पुरवणी काढायची ठरली, आणि नव्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल उघडेना.

यात अडचण दुहेरी असते. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आजच्यासारखे सगळीकडे चालणाऱ्या सामायिक पद्धतीचे, नव्हते. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, त्यामुळे तो फॉन्ट नसला की अख्ख्या वंशावळीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फॉन्ट देणारं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं, तर त्याची सेटअप फाइल १६ बिटची, म्हणजे फारच जुन्या धाटणीची. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. 'कंपॅटिबिलिटी मोड' वगैरे सगळे सल्ले इथे फोल आहेत, त्यात वेळ घालवू नका.

सयाजीगंजातला दुकानदार म्हणाला, "बेन, नवुं लई लो ने, आ तो बहु जूनुं छे." पण नवी आवृत्ती जुनी पानं जशीच्या तशी उघडेल याची हमी कुणी देईना. म्हणून मी व्हर्च्युअल मशीनचा मार्ग धरला. कॉम्प्युटरच्या आत व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमने दुसरा कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यात ३२ बिटचं विंडोज एक्सपी घालायचं. मकरपुऱ्यातल्या कारखान्याचे हिशेब मी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवरच करतेय, त्यामुळे सेटिंगच्या खिडक्यांची मला धास्ती नाही.

एक्सपी बसायला काहीच त्रास झाला नाही. जुन्या कॉम्प्युटरची मूळ सीडी आणि की घरात होती. नव्याला सीडी ड्राइव्ह नसल्याने भाच्याच्या लॅपटॉपवर सगळ्या सीडींच्या आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल) करून घेतल्या. मशीनला १ जीबी रॅम दिली, ती भरपूर झाली. पेजमेकरही बसलं. फॉन्टचं सॉफ्टवेअरसुद्धा बसलं. ते उघडलं आणि समोर एकच ओळ आली : डोंगल सापडत नाही.

डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरसोबत मिळालेली ती बोटभर यूएसबी किल्ली. ती लावलेली नसेल तर प्रोग्रॅम चालत नाही. अण्णांनी ती कपाटात डबीत घालून नीट जपलेली. मी लावली, विंडोज ११ ने 'टुंग' करून ओळखली, आणि आतल्या एक्सपीला तिचा पत्ताच नाही.

हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एकाने सांगितलं, डोंगलचा नवीन ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण वापरता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) वेबसाइटवरून घेऊन विंडोज ११ मध्ये टाका. टाकला. त्यानंतर तर व्हर्च्युअलबॉक्सही 'हे उपकरण आधीच्या विनंतीत गुंतलेलं आहे, नंतर प्रयत्न करा' असं म्हणू लागलं. पुन्हा फोन केला, तर दुसऱ्याने 'ती आवृत्ती आता आम्ही बघत नाही, अपग्रेड करा' म्हणून फोन ठेवला. विकत घेतलेली, बिल असलेली, किल्लीसकट सांभाळलेली वस्तू आहे ही! माझा संताप झाला. रोज संध्याकाळी अण्णा विचारायचे, "उघडलं का गं?" आणि मी म्हणायची, "बघतेय अण्णा, होईल."

झालं ते असं, आणि हे नीट वाचा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. डोंगल एका वेळी एकाच विंडोजच्या ताब्यात राहू शकतं. बाहेरच्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर टाकला की त्याची 'सर्व्हिस', म्हणजे पडद्यामागे चालू राहणारा भाग, डोंगलला धरून बसते आणि आत सोडत नाही. म्हणजे हेल्पलाइनने सांगितलेला उपायच आड येत होता. तो ड्रायव्हर 'अॅप्स'मधून काढून टाकला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, आणि 'गुंतलेलं आहे' हे पालुपद थांबलं.

तरी एक्सपीत डोंगल येईना. आता कारण दुसरं होतं. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबीचे तीन प्रकार असतात : १.१, २.० आणि ३.०. एक्सपीकडे ३.० चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे ३.० निवडलेलं असेल तर त्याला काहीही दिसत नाही. २.० निवडायचं. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून ही सोय मूळ पॅकेजातच आहे, त्याआधीच्या आवृत्तीला 'एक्स्टेन्शन पॅक' वेगळा टाकावा लागतो. पण माझ्याकडे तो पर्यायच राखाडी, क्लिक घेईना! रात्री झोपताना मी मशीन 'सेव्ह स्टेट' करून ठेवत असे. तसं ठेवलेलं मशीन व्हर्च्युअलबॉक्स बंद धरत नाही. आत जाऊन एक्सपी 'शट डाउन' केलं, तेव्हा पर्याय खुला झाला. ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती.

मग 'डिव्हायसेस' मेनूतली यूएसबीची यादी. तिथे सॉफ्टवेअरचं नाव शोधू नका, नाव चिप बनवणाऱ्याचं असतं. डोंगल काढा, कुठली ओळ गायब होते बघा, तीच आपली. त्या ओळीचा फिल्टर सेटिंगमध्ये घालून ठेवला, म्हणजे मशीन चालू असताना डोंगल लावलं की ते थेट आत जातं. गेलंही. एक्सपीने 'नवीन हार्डवेअर सापडलं' म्हणून आनंदाने सांगितलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह ठेवून दिलं.

शेवटची गाठ ती. ड्रायव्हर आधी, डोंगल नंतर. क्रम उलटला की एक्सपी त्याला अनोळखी म्हणून नोंदवून टाकतं. ती पिवळी नोंद 'अनइन्स्टॉल' केली, डोंगल काढलं, सीडीतल्या वेगळ्या फोल्डरमधला ड्रायव्हर एक्सपीच्या आत चालवला, एक्सपी रीस्टार्ट केलं आणि मग डोंगल लावलं. त्याचा छोटा हिरवा दिवा लागला! मी स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "अण्णा, या!" म्हटलं. फाइल उघडली, जोडाक्षरं जागच्या जागी, मूळ पुरुषाचं नाव पहिल्या पानावर. अण्णांनी खुर्ची ओढली आणि सगळ्यात आधी तिसऱ्या पानावरची एक जुनी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला सांगितली.

हो, आधी सांगायला हवं होतं : फॉन्टचं सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी मशीनचा 'स्नॅपशॉट', म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. ड्रायव्हरचा घोळ झाला तर एका क्लिकवर मागे जाता येतं. माझी पुन्हा पुन्हा एक्सपी बसवण्याची कटकट त्यामुळेच वाचली.

एक्सपीला इंटरनेट देऊ नका. त्याचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. मशीनच्या सेटिंगमधून नेटवर्कच काढून टाकलं तरी काही अडत नाही, फाइलींची देवघेव 'शेअर्ड फोल्डर'ने होते. त्यासाठी एक्सपीच्या आत व्हर्च्युअलबॉक्सचे 'गेस्ट अॅडिशन्स' हे जोडप्रोग्रॅम मात्र टाकावे लागतात.

मशीनच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका. विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, हायपर-व्ही, चालू असल्याची ती खूण आहे, मशीन थोडं हळू चालतं. विंडोजची सुरक्षेची सोय बंद करून ते कासव घालवता येतं, पण टाइपिंगसाठी तेवढा वेग पुरतो, म्हणून मी त्या सोयीला हात लावला नाही.

छापखान्यासाठी पीडीएफ हवी असते. एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर बसवून 'प्रिंट टू फाइल' केलं आणि बाहेर विंडोज ११ मध्ये घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने त्या फाइलची पीडीएफ बनवली. अक्षर तसूभरही हललं नाही. पुरवणीची पहिली पानं रावपुऱ्यातल्या प्रेसमध्ये गेलीयत.

मशीनचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, पण डोंगलही तितकंच जपा, त्याच्याविना ती प्रत उघडेल पण मराठी उमटणार नाही. आणि एवढं सगळं करूनही दिवा लागला नाही, तर एखाद्याच्या घरचा खराखुरा जुना एक्सपीचा कॉम्प्युटर शोधून, त्यात हाच ड्रायव्हर घालून डोंगल लावून बघा. तिथेही लागला नाही तर डोंगलच गेलंय असं समजा. व्हर्च्युअल मशीनची सेटिंग बदलून मग उपयोग नाही.