न हलणाऱ्या जहाजावर भरती होताना

मी मूळची सोलापूरची, त्यामुळे पाणी म्हणजे भरून आणि जपून ठेवायची गोष्ट. कॅनडात हॅमिल्टनला आल्यावर ऑन्टारिओ सरोवर पहिल्यांदा पाहिलं आणि समुद्रच वाटला, फक्त खारा वास नव्हता. तिथेच बंदरावर एचएमसीएस स्टार आहे. एचएमसीएस म्हणजे 'हिज मॅजेस्टीज कॅनेडियन शिप', कॅनडाच्या नौदलाच्या जहाजांच्या नावाआधी लागणारी अक्षरं. नाव जहाजाचं, पण आहे ती जमिनीवरची इमारत, कॅनडाच्या राखीव नौदलाची तुकडी. देशभरात अशा २४ तुकड्या आहेत आणि त्यातल्या कित्येक समुद्रापासून शेकडो मैल लांब.

नोव्हेंबर २०२२ पासून नागरिकत्व नसलेल्या कायम रहिवाशांनाही सैन्यदलात अर्ज करता येऊ लागला. मी ऑनलाइन अर्ज भरला, पण कागदपत्रांनी दम काढला. भारतातले जुने पत्ते, ओळखीच्या माणसांचे संदर्भ, सगळं पडताळणीला गेलं आणि तिकडेच अडकलं. कित्येक महिने ईमेलला उत्तर नाही. एकदा तर तेच कागद पुन्हा मागवले. तेव्हा मी खरंच रडकुंडीला आले होते. वैद्यकीय तपासणी त्यामानाने सोपी गेली.

थांबायचंच होतं, तर मी दर रविवारी बंदरावर जाऊ लागले. स्टारच्या शेजारी एचएमसीएस हायडा ही विनाशिका कायमची उभी आहे. ट्रायबल वर्गाच्या अशा २७ नौका बांधल्या होत्या, त्यातली उरलेली ही एकच. तिच्या आतल्या अरुंद वाटांमधून डोकं वाकवून फिरताना, माणसं इथं टांगत्या झोळ्यांत कशी झोपत असतील, हा विचार सुटत नसे.

मग वाचायला लागले. कॅनडाच्या नौदलाचे तेव्हाचे प्रमुख कमोडोर वॉल्टर होज यांनी १९२३ मध्ये स्वयंसेवकांचं राखीव नौदल उभं केलं तेव्हा मूळ नौदलाचे पैसे इतके कापले होते, की मूळ नौदलच टिकेल की नाही हा प्रश्न होता. होज यांनी शहराशहरांतल्या नोकरदारांना संध्याकाळी कवायतीला बोलावलं. हॅमिल्टनची तुकडी तेव्हाचीच. स्टार हे नाव तिला १९४१ मध्ये मिळालं. १९३९ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा नौदलात राखीव धरून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख जणांनी सेवा केली आणि त्यातले बहुसंख्य याच वाटेने आलेले. अटलांटिकमध्ये मालवाहू ताफ्यांना सोबत करणाऱ्या छोट्या कॉर्व्हेट नौकांवर बरेचसे तेच होते. माझ्या मते कॅनडाच्या नौदलाचा खरा कणा म्हणजे ही संध्याकाळची माणसं.

मुलाखतीत विचारलं, "नौदलच का?" पाठ केलेलं उत्तर बाजूला ठेवून मी या कवायतींबद्दलच बोलले. समोरचे अधिकारी लिहायचे थांबले आणि ऐकत राहिले.

शपथेच्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. ती म्हणाली, "अगं, तुला पोहता तरी येतं का?" येतं. इथंच शिकले.

प्रशिक्षणातल्या तंदुरुस्तीच्या चाचणीत २० किलोची वाळूची पिशवी ३० वेळा उचलायची असते, साडेतीन मिनिटांच्या आत. विसाव्या वेळेला हात थरथरायला लागले होते, पण जमलं.

आता आठवड्यातली एक संध्याकाळ स्टारची. इथं जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, आणि घरी निघणं म्हणजे 'किनाऱ्यावर जाणं'. परवा धक्क्यावर हीव्हिंग लाइन, म्हणजे जहाज बांधताना पलीकडे फेकायचा हलका दोर, फेकायला दिली. दोराची अर्धी वेटोळी उजव्या हातात, अर्धी डाव्या हातात. पहिल्यांदा दोर पाण्यात पडला, दुसऱ्यांदाही. तो ओढून पुन्हा गुंडाळताना थंड पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. तिसऱ्यांदा टोकाची जड गाठ पलीकडे पोचली आणि तिथल्या मुलीने ती झेलली.