पेट्रा परत एकत्र आली, खरं सांगायचं कुणाला?

2010 मध्ये नेटवर वाचलं की पेट्रा बँडवाले परत एकत्र आलेत, त्यांचा जुना गायक ग्रेग वोल्झ गाणार आणि जुनी गाणी नव्यानं रेकॉर्ड केलीत, तेव्हा मी बेळगावात उद्यमबागेत कामावर होतो आणि हात आधी फोनकडंच गेला. नंबर पाठ होता. खरं लावला नाही. ज्याला सांगायचं होतं त्याच्याशी बोलणं बंद होऊन 7 वर्षं झालेली.

पेट्रा म्हणजे 1972 साली अमेरिकेत इंडियानातल्या फोर्ट वेनला बॉब हार्टमन या गिटारवाल्यानं काढलेला ख्रिस्ती रॉक बँड. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक, आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रभू शिमोनाला पेत्र नाव देतो ना, तेच. आमच्याकडं 1997 त त्यांच्या कॅसेटी आल्या, बहारीनला नोकरी करणाऱ्या एका मामानं आणलेल्या, आणि चर्चच्या तरुण संघातल्या आम्ही चौघांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या, मग आमचाच बँड काढला. रविवारी भक्तीनंतर गच्चीवर प्रॅक्टिस. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं इलेक्ट्रिक गिटारवर बसवायचो आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या शिव्या खायचो.

एका काकांनी तर सांगितलं की रॉकमध्ये सैतानाचे उलटे निरोप असतात, टेप उलटी वाजवली की ऐकू येतात. पेट्रानं याच आरोपाला 1982 च्या ‘मोअर पॉवर टु या’ अल्बममध्ये उत्तर दिलंय, ‘जूडस किस’ गाण्याच्या सुरुवातीला मुद्दाम उलटं वाक्य घातलंय. आम्ही स्क्रू काढून कॅसेट उघडली, टेप पिळून उलटी भरली आणि कान लावून बसलो. आवाज घुसमटलेला, खरं कळला: प्रभूला शोधायचं सोडून सैतानाला कशाला शोधताय, असं काहीसं. त्या दिवशी आमच्या बँडचा बेस गिटारवाला आणि मी रात्री 11 पर्यंत कॅम्पात हिंडत होतो, इतका आनंद.

आमच्या दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरनं व्हायचं, पेट्राचा गायक कुठला भारी. माझा वोल्झ, त्याचा जॉन श्लिट. श्लिट आधी हेड ईस्ट बँडमध्ये होता, नशेपायी तिथनं गेला, गाणं सोडून खाणीत इंजिनिअर म्हणून काम करत होता, आणि 1986 त वोल्झच्या जागी पेट्रात आला. बेसवाला म्हणायचा, पडून उठलेला माणूस गातोय ते वेगळं ऐकू येतं. श्लिटच्या वेळच्या ‘बियाँड बिलीफ’ अल्बमला ग्रॅमी मिळालं हे तर शंभरदा सांगायचा.

2003 त आमचं फुटलं ते अँपवरनं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करायच्या अँप्लिफायरवरनं. चौघांनी पैसे काढून कोल्हापूरहून सेकंडहँड आणलेला, चावी बेसवाल्याकडं. एका रविवारी कपाट उघडलं तर अँप नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, विकलास ना? तो काही बोलला नाही, गिटार उचलली आणि गेला. मग ड्रमर पुण्याला, कीबोर्डवाली लग्न होऊन वास्कोला.

पेट्राचा निरोपाचा कार्यक्रम 31 डिसेंबर 2005 च्या रात्री नॉर्थ कॅरोलिनात मर्फी गावात झाला. त्या रात्री मी इथं चर्चमध्ये वॉचनाइटला, वर्षाअखेरच्या रात्रीच्या भक्तीला होतो, बाहेर कॅम्पात पोरं ओल्ड मॅन, सरत्या वर्षाचा पुतळा, जाळत होती. तिकडं त्यांची रात्र सुरू झाली तेव्हा आपल्याकडं 1 तारखेची सकाळ. हे मला नंतर वाचताना समजलं, आणि तेव्हाही सांगायला कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात उपकारस्तुतीच्या भक्तीला गेलेलो. लहानसं प्रार्थनाघर, कौलारू, आणि माईक जोडलेला तो आमचा अँप! जाळीच्या फाटक्या कोपऱ्यावर मीच लावलेली लाल टेप तशीच. तिथले आजोबा म्हणाले, बेळगावच्या एका पोरानं दिला, आमच्याकडं तेव्हा साधी पेटीसुद्धा नव्हती, आणि सांगून गेला, कुणाला सांगू नका.

बाहेर आलो, रेंज येईपर्यंत रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि फोन लावला. नंबर तोच.

“अँप सापडला रे.”

बराच वेळ गप्प. मग, “अजून वाजतोय?”

“वाजतोय की.”

माफी मागितली मी, रडलो पण. खरं चौघांचा होता, विचारायला पाहिजे होतंस, हेही सांगितलं त्याला, ते माझं आजही म्हणणं आहे. तो म्हणाला, होय, चुकलं, तू विकलास म्हणालास तेव्हा तोंडातनं शब्दच फुटला नाही आणि नंतर दिवस जात गेले.

नाताळात ड्रमर सुट्टीला आला, कीबोर्डवाली पोराला घेऊन चोर्ला घाटातनं आली, आणि त्याच प्रार्थनाघरात त्याच अँपवर आम्ही वाजवलं. चारच गाणी, त्यातली दोन टिळकांची. माझी बोटं दुसऱ्या गाण्यापासनं दुखायला लागली, आजोबा पुढच्या रांगेत टाळ्या धरून होते, कीबोर्डवालीचं पोरगं ड्रमपाशीच झोपलं.

जेवायला बसल्यावर मी शेवटी सांगितलं, 2010 त वोल्झ परत आला तेव्हा तुला फोन करणार होतो.

तो म्हणाला, “केला असतास तरी मी श्लिटच म्हणालो असतो.”

मग भात निवेपर्यंत आम्ही तेच भांडत बसलो.