हात ढिला सोडा, आबाजी

दुपारचे तीन. सपरीत बाज टाकलेली, बाजेखाली वाटी, वाटीत कोमट तिळाचं तेल. उताण्या पडलेल्या म्हाताऱ्याचा उजवा हात मालिशवाला मनगटाला धरून वीतभर उचलतो आणि सोडून देतो. हात खाली पडायला पाहिजे. पडत नाही. लिलावात बोली लावल्यासारखा तिथंच राहतो.

"आबाजी, हात ढिला सोडा ना. म्या उचलतो, तुमी काहून उचलून रायले?"

"सोडलाच हाय ना बापा."

हात वरच.

आपल्याकडे कोणी पोतं उचललं की जवळचा माणूस एक हात लावतोच. ती सवय बाजेवरही सुटत नाही. मालिशवाला मान वळवू लागला की मान आधीच वळते, पाय उचलायला गेला की पाय तयारच. मग चोळणारा जोर करतो, स्नायू उलटा जोर करतो, आणि अर्धा तास ही कुस्ती चालते. तेल जिरतं, घामही निघतो, पाठ मात्र होती तशीच. चोळणं त्याचं काम, सोडणं आपलं. आणि आपलं काम जास्त कठीण. जाणता मालिशवाला यावर सोपी युक्ती करतो. मूठ आवळून हात पाच-सात सेकंद चांगला ताठ करायला लावतो, मग लांब श्वास सोडता सोडता टाकून द्यायला सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात ओल्या टॉवेलासारखा पडतो. तिथून खरी मालिश सुरू. (मोबाईल उशाखाली ठेवून झोपणाऱ्यावर मात्र ही युक्तीही चालत नाही. त्याचा एक कान कायम ताठ असतो.)

तेलाबद्दल प्रत्येक घरात वेगळा कायदा. तीळ बाराही महिने चालतं. खोबरेल उन्हाळ्यात ठीक. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते गोठतं, आणि पौषातल्या सकाळी बाटली उलटी धरली तरी थेंब येत नाही. जवसाचं तेल आपल्या भागात घराघरांत, पण ते अंगावर चिकट होत जातं, चादरीला लागलं की वास जाता जात नाही. शिवाय जवसानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. ते तेल हवेत वाळताना तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर न पडल्यानं फडकं आपोआप पेटू शकतं. धुवून, पसरून वाळवायची.

पूर्ण अंगाला चहाचा अर्धा कप, म्हणजे पन्नास मिलीच्या आसपास तेल पुरतं. जास्त ओतलं की हात नुसता घसरतो, खालचा स्नायू पकडीत येत नाही. कमी पडलं तर पायावरचे केस ओढले जातात आणि दुसऱ्या दिवशी मुळाशी लाल पुटकुळ्या उठतात. वाटी विस्तवावर ठेवायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा. साखरेचा त्रास असलेल्या माणसाच्या तळपायाला चटका कळेलच असं नाही, तिथं थेंब चोळणाऱ्यानं स्वतःच्या मनगटावर टाकावा.

आता कापूस वेचणीचं बघा. वेचणाऱ्या बायांची तक्रार असते बोटांची. घरी पोरगी आईची बोटं चोळत बसते, आणि रात्री बोटं पुन्हा ठणकतातच. उजवी बाही वर करा, डाव्या हाताचा पंजा कोपराच्या खाली आतल्या बाजूला ठेवा, आणि बोंडातून कापूस ओढतो तशी बोटं हलवा. हाताखाली काहीतरी सरकतं ना? बोटं ओढणारे मोठे स्नायू तिथं आहेत. बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या. तेव्हा तेल लावायचं ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या मांसल भागाला. अंगठ्यानं शोधत जायचं, जिथं दाणा लागतो आणि दाबल्यावर "आई गं" निघतं तिथं अर्धा मिनिट नुसतं दाबून थांबायचं. घासायचं नाही. दाणा हळूहळू नरम पडतो. शेवटी हलक्या हातानं मनगटाकडून वर कोपराकडे.

सोयाबीन सोंगणाऱ्याच्या कमरेचंही असंच. दुखते कंबर, पण दिवसभर वाकल्यानं आवळलेली असते मांडीची मागची बाजू आणि ढुंगणाचा स्नायू. नुसती कंबर रगडून फार तर रात्र निभते. आणि रगडायचं तेही मणक्याच्या दोन्ही अंगांनी, मणक्याच्या हाडावर नाही.

जोर किती? पैलवानी खाक्याची माणसं सांगतील, जितकं दुखेल तितका गुण. पटत नाही. दुखणं गोड लागतं तोवर ठीक. श्वास अडकला, पायाची बोटं वळली की स्नायू पुन्हा लढायला उभा राहिला समजा. तेव्हा "हळू" म्हणावं. आपली माणसं म्हणत नाहीत, पैसे देऊनही म्हणत नाहीत. चोळणाऱ्याला वाईट वाटेल म्हणतात.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, माणूस शोधायची पद्धत अजून आहे. तो पाठीला पाय लावतो, आणि चार-आठ दिवसांत उसण जाते. बहुतेक उसणी तेवढ्यात तशाही जातात. पायाळूला निदान फुकटचा चहा मिळतो. त्यापेक्षा कटिंगनंतर खुर्चीतच मान कडाकड मोडून घ्यायची हौस वाईट. तो आवाज हाडाचा नसतो, सांध्याच्या पाण्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो, त्यामुळे काही मोठं बसलं-सुटलं असं समजायचं कारण नाही. उलट झटका जोरात बसला तर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून लकवा होऊ शकतो. क्वचितच, पण होतो.

बाकी साध्या गोष्टी. भरल्या पोटी बाजेवर जायचं नाही, जेवण दीड-दोन तास आधी. लघवीला जाऊन यायचं, नाहीतर अर्धं लक्ष तिकडे. ताप असेल तर नाही. मुरगळलेल्या पायाला पहिले दोन-तीन दिवस नाही. एकच पोटरी सुजली, गरम आणि दुखरी असेल तर हात लावूच नये. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. उठताना कुशीवर वळून, मिनिटभर बसून मग उभं राहायचं. अर्ध्या तासानं कोमट पाण्यानं बेसन लावून अंघोळ, आणि न्हाणीच्या फरशीवर आधी पोत्याचा तुकडा. मालिशीनं सैल झालेली कंबर फरशीवर घसरून मोडल्याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एका माणसाला मात्र आल्या आल्या तेल लावायचं नाही. फवारणीवाल्याला. सोळा लिटरचा पंप दिवसभर वाहून त्याचे खांदे खरोखर भरून आलेले असतात, घरच्यांना दया येते, वाटी तापते. पण त्याच्या पाठीवर पंपाच्या गळतीचा ओला पट्टा असतो. ते औषध कातडीतून आत जातं, आणि आपण तेच तेलात कालवून, रगडून, ऊब देऊन आत ढकलतो. आधी कपडे काढून वेगळे, मग साबण आणि भरपूर पाणी, केसांपासून नखांपर्यंत, दोनदा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. म्हणून अंघोळीनंतरही फवारणीवाल्याचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, घाम थांबत नसेल, तोंडाला लाळ सुटली असेल, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या असतील, तर ते श्रमाचं दुखणं नाही. फवारणीच्या औषधाची बाटली पिशवीत घ्या, दवाखान्यात न्यायला गाडी काढा. बाज राहू द्या तशीच.