आपली जुनी की त्यांची?

लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न चुकत नाही. "सर, तुम्ही इतिहासाचे. एकदा सांगून टाका, सिंधू संस्कृती जुनी की इजिप्तची?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं, उत्तर त्याच्याकडं तयार आहे, त्यावर माझी सही तेवढी हवी आहे. सांगलीत तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झालो, तरी सही मागणारे थांबत नाहीत. तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून इजिप्त, इराक, सिंधू आणि चीन या चारही जुन्या संस्कृतींबद्दल आता लिहूनच टाकतो.

आधी सहीपुरतं. लिखाण मोजायचं असेल तर दक्षिण इराकमधलं उरुक पुढं आहे. तिथल्या मातीच्या पाट्यांवरची हिशेबाची चिन्हं इ.स.पू. ३३०० च्या सुमाराची. इजिप्तमध्ये अबायडोसच्या एका थडग्यात हाडाच्या आणि हस्तिदंताच्या छोट्या चिठ्ठ्या मिळाल्या, त्याही जवळपास त्याच काळातल्या. यात आधी कोण, यावर तज्ज्ञांची अजून जुंपते. मोहेंजोदडो-हडप्पा शहरं म्हणून ऐन भरात होती ती इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात. चीनमध्ये आन्यांगला सापडलेली हाडांवरची लिपी इ.स.पू. १२५० च्या आसपासची. पण शेती आणि गाव मोजायला घेतलंत, तर बलुचिस्तानातलं मेहरगढ प्रचलित अंदाजानं इ.स.पू. ७००० च्या आसपास जातं आणि सगळा क्रमच फिरतो.

एवढं सांगून पंगतीतला माणूस गप्प होतो, पण त्याचं समाधान होत नाही. माझंही होत नसे. सनावळी पाठ होती, पण या चार ठिकाणच्या लोकांचं रोजचं जगणं एकमेकांपेक्षा वेगळं का झालं, ते मला वर्गात कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्यातलं थोडंफार कळलं ते २०१९ च्या पुरात, तेही एका शेतकऱ्याकडून.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "आज किती फूट?" विचारतात. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या गावी चुलत्यांकडं, आप्पांकडं गेलो. सोयाबीन काळं पडून आडवं झालेलं आणि रानभर चिखलाचा गुळगुळीत थर. आप्पा बांधावर बसले होते. म्हणाले, "मास्तर, तुझ्या त्या इजिप्तात पूर आला की लोक सण करत्यात, असं तूच सांगायचास. मग आम्ही का रडतोय?"

मी काहीतरी 'इजिप्त म्हणजे नाईलची देणगी' वगैरे पुस्तकी बोलायला लागलो. त्यांनी हातातलं ढेकूळ कुस्करलं आणि म्हणाले, "हीच मळी रिकाम्या रानात आली असती तर डोक्याला लावून घेतली असती. उभ्या पिकात आली."

मळीच्या, म्हणजे पुरानं आणलेल्या गाळाच्या, जमिनीची किंमत कृष्णाकाठी कुणाला सांगावी लागत नाही. पण नाईलचा पूर नेमका कोणत्या महिन्यात यायचा आणि तेव्हा रानात काय असायचं, हे मी तीस वर्षांत एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. घरी येऊन ते मांडलं.

नाईलचा पूर म्हणजे इथिओपियाच्या डोंगरातला पाऊस. तो साधारण आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत पडतो. जुलैमध्ये पाणी चढायला लागायचं, सप्टेंबरात भरात असायचं, ऑक्टोबरात उतरायचं. गहू आणि जव वसंतातच कापून झालेले, म्हणजे रान रिकामं. पाणी उतरलं की ओल्या गाळात पेरायचं, नांगराला फारसे कष्ट नाहीत. त्यांचं वर्षही तीन ऋतूंचं, चार-चार महिन्यांचं, आणि त्यातला पहिला ऋतू पुराचाच. पहाटे पूर्वेला व्याधाचा तारा पुन्हा दिसू लागला की पूर जवळ आला म्हणायचं. इटलीतल्या पालेर्मो शहरात इजिप्तच्या एका काळ्या शिलालेखाचा तुकडा आहे. त्यावर सुरुवातीच्या राजांच्या वर्षवार नोंदी आहेत, आणि वर्षाच्या चौकटीखाली त्या साली पूर किती हात, किती बोटं चढला तो आकडा. थोडक्यात, "आज किती फूट?" साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. मात्र त्यांना भीती असायची ती पाणी कमी चढण्याची. रोमन लेखक प्लिनीनं हिशेब नोंदवला आहे: बारा हात म्हणजे उपासमार, चौदाला हायसं वाटायचं, सोळाला आनंदीआनंद.

शिवाय पुराच्या महिन्यांत हात मोकळे आणि नावा थेट आतपर्यंत येणाऱ्या. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तो आपली टोळी घेऊन तुरा इथल्या खाणीतला चुनखडक नावेनं गिझाला पोचवायचा. आज कुठं मुक्काम, कधी माल भरला, कधी निघालो, एवढंच लिहितो. पिरॅमिडला अचंबा मानणारा एक शब्द नाही. मुकादमच तो!

आता इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिस नद्या बघा. तिथला पूर तुर्कस्तानच्या डोंगरातल्या बर्फाचा. बर्फ वितळतं वसंतात, आणि पाण्याचा लोंढा खाली पोचतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जव कापणीला आलेला असतो तेव्हा. आणि शरदात, पेरणीच्या वेळी, नदी आटलेली. ही अगदी आप्पांची तक्रार. तिथं नदीच्या भरवशावर बसून भागत नव्हतं. पूर अडवायला बांध आणि नंतर पाणी आणायला पाट लागायचे, पाट गाळानं भरायचे, दर वर्षी उपसायचे. त्याला माणसं लागतात, माणसांना खायला लागतं, आणि खाल्लेल्याचा हिशेब ठेवावा लागतो. उरुकमध्ये तिरक्या काठाच्या ओबडधोबड मातीच्या वाट्या ढिगांनी सापडतात, सगळ्या साधारण एकाच धाटणीच्या. मजुराच्या शिध्याची वाटी असावी, असं अनेकांचं मत आहे. तिथल्या लिपीत 'खाणे' या शब्दाचं चिन्हही माणसाचं डोकं आणि त्याला लागून एक वाटी, असंच आहे. जगातल्या पहिल्या लिखाणात कविता शोधायला जाल तर निराश व्हाल; जव, मेंढ्या, बिअर आणि कुणाला किती दिलं, हेच आहे.

पुढं बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, इ.स.पू. १७५० च्या सुमाराला, एक कलम येतं. ज्यानं आळसानं आपला बांध राखला नाही आणि तो फुटून दुसऱ्यांची रानं बुडाली, त्यानं त्यांचं धान्य भरून द्यायचं. देता येत नसेल तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून पैसे वाटून घ्यायचे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आमच्या भागाला हे कलम ओळखीचं वाटेल, शिक्षा सोडून.

आणखी एक ओळखीची गोष्ट म्हणजे मीठ. पाट भरपूर आणि निचरा नाही, म्हणजे काय होतं ते मिरज-शिरोळकडच्या ऊसवाल्यांना विचारा. जमीन क्षारपड होते, उन्हात पांढरी फुटते. दक्षिण इराकमध्ये गव्हाची पेरणी हळूहळू मागं पडून जवावर भर आला. जव खारं पाणी जास्त सोसतो. मीठ हेच एकमेव कारण होतं का, यावर वाद आहे, पण मीठ होतं हे नक्की.

इथवर माझी मांडणी झकास चालली होती. पुराचा महिना बघा आणि संस्कृती ओळखा! सिंधूपाशी आलो आणि ती कोसळली. सिंधूचा पूरही उन्हाळ्याअखेरचा, जुलै-ऑगस्टच्या आसपासचा, आणि गहू-जव पेरायचे पाणी उतरल्यावर. म्हणजे घडी जवळपास नाईलचीच. मग इथं पिरॅमिड कुठं आहेत? राजाची थडगी कुठं आहेत? मोहेंजोदडोत निर्विवाद राजवाडा म्हणावा अशी एक इमारत अजून मिळालेली नाही. नदी सगळं ठरवत नाही, हे मला तिथं मान्य करावं लागलं.

इथल्या लोकांनी आपली सगळी हुशारी पाणी घरात आणण्यात आणि घराबाहेर काढण्यात घातली. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांच्या विटा पाचरीच्या आकाराच्या. अशा विटा गोल रचल्या की बाहेरच्या मातीच्या दाबानं आत ढासळत नाहीत, उलट एकमेकींत घट्ट बसतात. उत्खननात भोवतालची माती काढली आणि विहिरी तशाच उभ्या राहिल्या. फोटोत त्या कारखान्याच्या धुराड्यांसारख्या दिसतात. आम्ही विहिरीत वाकून बघतो, तिथं मान वर करून बघावं लागतं. घराघरात न्हाणी, तिचा उतार गटाराकडं, गटार विटांनी झाकलेलं. विटेचं प्रमाण १:२:४, आणि दूरदूरच्या शहरांतही तेच. आमच्याकडं दोन भट्ट्यांच्या विटा जुळत नाहीत.

चीनचं थोडक्यात सांगतो. पाठ्यपुस्तकात पिवळी नदी असते, आणि ती खरंच गाळानं आपलाच तळ उंच करून पात्र बदलणारी अवघड नदी आहे. पूर आवरणाऱ्या यू राजाची तिथं दंतकथा आहे: कामाच्या धांदलीत तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण आत गेला नाही. मात्र यांगत्सेच्या मुखाजवळ लियांगझूला भात पिकवणाऱ्या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी बंधारे घातले होते. २०१९ मध्ये ते ठिकाण जागतिक वारशात आलं. पुस्तकातल्या नकाशात एक नदी वाढवायला हवी.

राहिला प्रश्नातला 'आपली' हा शब्द. मोहेंजोदडो ऐन भरात होतं तेव्हा आमच्या कृष्णेच्या खोऱ्यात, खाली कर्नाटक-तेलंगणात, गुराखी शेणाचे ढीग जाळत होते. त्यांची राखेची टेकाडं अजून दिसतात. त्यांना कुणी आपलं म्हणत नाही. महाराष्ट्रात हडप्पाचा धागा पोचतो तो उशिरा, प्रवरेकाठी दायमाबादला. तिथं १९७४ मध्ये काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले.

आता पंगतीत मी उलटा प्रश्न विचारतो: या लोकांची आपसात गाठ पडली होती, ठाऊक आहे का? दक्षिण इराकमधल्या उर शहराच्या राजेशाही थडग्यांत सिंधूकडच्या धाटणीचे, पांढरी नक्षी कोरलेले लाल अकीकाचे मणी निघाले. इराकमधल्याच अक्कडचा राजा सार्गोन फुशारकी मारतो की मेलुहाच्या नावा माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे बहुधा सिंधूचा प्रदेश. आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याच अक्कडी काळातली एक दंडगोल मुद्रा, म्हणजे ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचा शिक्का, आहे. तिच्यावर मालकाचं नाव शू-इलिशू आणि हुद्दा 'मेलुहाच्या भाषेचा दुभाषी'.

सिंधूची लिपी आजही वाचता येत नाही. लेख सरासरी पाच चिन्हांचे, त्यावरून काय वाचणार? आणि इकडं शू-इलिशूच्या देशात लेखनिकांना याद्यांचं वेड. झाडांच्या याद्या, माशांच्या याद्या, धंद्यांच्या याद्या. दुभाषाच्या नोकरीवर जेवलेल्या या गृहस्थानं मेलुहाच्या दहा शब्दांची एक पाटी केली असती, तर काय बिघडलं असतं? केली असेलही, आणि इराकच्या कुठल्याशा टेकाडात ती पडलेली असेल. मला सही मागू नका, ती पाटी सापडली की कळवा.